कडबा आणि भरडा

लोणी
५ एप्रिल २०२५

ताईस,

अमृतचा नमस्कार. पत्र बघून हसू नकोस. आपला भिंगऱ्या बैल शर्यतीच्या घाटात पहिला येईपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही, असा मी देवासमोर बेल-भंडार उचललाय. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, तू वकील व्हायचास, चुकून बैलाच्या मागं लागलास. आपल्या गोकुळचा टेम्पो भाजी घेऊन रोज नारायणगावच्या मार्केटला जातोच, तेव्हा पत्र त्याच्याच हातात देतो. वारूळवाडी त्याच्या वाटेवरच आहे.

लिहायचं कारण असं की यात्रा वीस तारखेला आहे. लेकीला आवतण गेलंच पाहिजे म्हणून बाबा हटून बसलेत. तेव्हा आवतण घे आणि ये. फक्त गेल्या वर्षीसारखं करू नकोस. सगळ्या गावासमोर पंचांना जाऊन सांगितलंस की याच्या पुढच्या पायाला सूज आहे, गाडा सोडू नका. तू जनावरांची डॉक्टर असशील, पण त्या दिवशी मला घाटातून मान खाली घालून बैल परत आणावा लागला. ते मी विसरलेलो नाही.

यंदा भिंगऱ्याची तब्येत बघशील तर थक्क होशील. रोज गव्हाचं पीठ, उडदाची डाळ, दूध. कडबा मात्र जवळजवळ तोडलाय. गेणभाऊ म्हणाले, पोट आत ओढलं की बैल हलका सुटतो. त्यांचे तीन आणि आपला एक असा चार बैलांचा गाडा जुंपणार आहे, म्हणून त्यांचंही ऐकावं लागतं.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्यालाही आता धूसर दिसतं. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणतात, "औंदा भिंगऱ्या पळताना बघतो. मग डोळं ऱ्हायलं काय आन् गेलं काय."

अमृत


वारूळवाडी
७ एप्रिल

अमृत,

आशीर्वाद. शपथेतून पळवाट काढण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. यात्रेला येईन. सूज दिसली तर याही वर्षी सांगेन.

पण तुझं पत्र वाचून मला काळजी लागली आहे, आणि ती मानापमानाची नाही. पीठ वाढवलंस आणि कडबा तोडलास? एका वाक्यात दोन्ही लिहितोस आणि वर थक्क हो म्हणतोस?

नीट ऐक. बैलाच्या डाव्या कुशीत जो मोठा कप्पा असतो तो आपल्या पोटासारखा नाही. गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीसारखा आहे. कडबा बैल पचवत नाहीच. त्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव राहतात, ते कडबा कुजवतात. त्यातून जे निघतं त्यावर बैल जगतो, आणि शेवटी ते जीवही पुढच्या कप्प्यात जाऊन पचतात. तू बैलाला चारतोस असं तुला वाटतं. खरं तर तू त्या जिवांना चारतोस आणि ते बैलाला पोसतात.

आता कडब्याचं काम बघ. कडबा खरखरीत असतो म्हणून बैल तो पुन्हा तोंडात आणतो, बसून चघळतो. चघळताना घागरीच्या घागरी लाळ पोटात जाते. त्या लाळेत निसर्गानंच सोडा घातलेला आहे, त्यानं पोटातलं आंबट मारलं जातं. कडबा नाही म्हणजे रवंथ नाही, रवंथ नाही म्हणजे लाळ नाही. त्यात वरून पीठ पडलं की दुसऱ्याच जातीचे जीव माजतात. ते नुसतं आंबवत सुटतात. आंबट इतकं वाढतं की चांगले जीव मरतात, कप्प्याची कातडी आतून भाजते, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि बैल उभ्या उभ्या कोसळतो. अशी जनावरं मी पाहिली आहेत. मालक म्हणतात, दृष्ट लागली.

कडबा आजपासून पोटभर घाल. पीठ हळूहळू मुठीवर आण. पोट आत ओढून बैल पळत नाही. तो पळतो ते या पोटाच्या जोरावर.

बाबांच्या डोळ्यांचं यात्रेनंतर मी बघते.

ताई


लोणी
१० एप्रिल

ताईस,

पत्र पोचलं. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर आकृती काढून शिकवावं तसं लिहिलंयस. गेणभाऊंना थोडं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या बैलांच्या पोटात किडं हायेत म्हनं? जंताचं औषध पाजा की मग." सगळे हसले. मीही हसलो.

कडबा मी वाढवणार नाही. यात्रा तोंडावर आल्यावर पोट सोडून बैल घाटात उतरवला तर गेणभाऊ गाड्यातून काढून टाकतील. खुराकाचं माझं मी बघतो. तुझी विद्या तुझ्यापाशी.

बाबा रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. परवा म्हणाले, बैल बारीक दिसतोय, फासळ्या हाताला लागतात. मी म्हटलं, अहो पळणारा बैल आहे, पेढेवाल्याचा नाही. पण त्यांच्या मनातून काही ते गेलं नाही. आई गेल्यापासून त्यांचं सगळं चित्त त्या गोठ्यात असतं. वासरू असताना आईनंच त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, ते तुला ठाऊकच आहे.

अमृत


वारूळवाडी
१२ एप्रिल

अमृत,

हसा. मी वाद घालत नाही.

एक कर. दुपारी भिंगऱ्या बसला की समोर जाऊन बस आणि जबडा बघ. निवांत रवंथ करत असेल तर माझं काही म्हणणं नाही. जबडा थांबलेला दिसला, दात खाताना दिसला, शेण पातळ आणि राखाडी झालं, त्याला आंबूस वास आला, तर शपथ गुंडाळून ठेव आणि फोन कर. यात अर्धा दिवससुद्धा फार असतो.

ताई


लोणी
१८ एप्रिल, सकाळ

ताईस,

घाईत लिहितोय, गोकुळ टेम्पो चालू करून उभा आहे.

भिंगऱ्यानं काल संध्याकाळपासून तोंड लावलेलं नाही. डावी कूस भरलेली आहे. हातानं दाबलं की आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. डोळे आत गेलेत. उठतो, पण मागचे पाय लटपटतात. गेणभाऊंनी गोडं तेल पाजलं, फरक नाही. तालुक्याचे डॉक्टर रजेवर आहेत.

खाण्यात वेगळं काही गेलेलं नाही. नेहमीचंच होतं. परवा यात्रा आहे. काहीतरी औषध पाठव. गोकुळ दुपारी परत येतो.

अमृत


वारूळवाडी
१८ एप्रिल, सकाळ

अमृत,

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा कापलास. बैल मरायला टेकलाय आणि तुला शपथ सांभाळायची आहे. बाबांचा फोन लागत नाही.

ओतूरकडे एक गाय अडली आहे, वासराचे पाय बाहेर आहेत. तिला सोडून येता येत नाही, म्हणून हे लिहून औषध गोकुळजवळ देते. तू लिहिलंस ते खरं असेल तर ही नुसती पोटफुगी आहे, आणि बाटलीतलं औषध दिल्यावर दोन-तीन तासांत उतरायला हवी.

पण मला ते खरं वाटत नाही. पाणी डुचमळणं आणि डोळे आत जाणं हे फुगीत बसत नाही. त्यानं धान्य खाल्लं असेल, सांडलेलं, चोरून, कसंही, तर या बाटलीचा पाण्याइतकाही उपयोग नाही. मग पोट रिकामं करावं लागेल, आणि तेही आजच. किती खाल्लं, कधी खाल्लं, एवढं मला कळायला हवं. मी तुला रागावणार नाही. फक्त खरं सांग.

ताई


वारूळवाडी
१९ एप्रिल

अमृत,

पहाटे घरी पोचले. अंगाचा आंबूस वास दोनदा अंघोळ करूनही जात नाही. झोप येत नाही म्हणून लिहिते.

बाबांनी काल दुपारी गोठ्यामागं जाऊन मला फोन केला होता, तुझ्या नकळत. आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाले, "वृषे, म्या घातला भरडा. मक्याचा. अमृतनं पीठ तोडलं, बैल वाळाया लागला, मला बघवलं न्हाई. दुपारी तू झोपलेला ऱ्हायचास का अमृत, तवा घालायचो. परवाच्याला लई घातला. आता तू ये." तुझ्याशी आणि माझ्याशी एकदमच बोलत होते. मी गाय मोकळी करून तशीच निघाले.

तेव्हा मला कळलं की माझं पत्र वाचून तू पीठ खरंच तोडलं होतंस. मला मात्र उलटं लिहिलंस, गेणभाऊंसमोर हसलास आणि बाबांना पीठ का तोडलं ते सांगितलं नाहीस. कडबा कमी होता, पीठही गेलं. बाबांच्या हाताला फासळ्या लागल्या, त्यात त्यांची काय चूक?

गोठ्यात पाऊल टाकलं आणि तू म्हणालास, "ताई, वाचव त्याला." वर्षभरातले हे तुझे पहिले शब्द. मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्याच्या कुशीला हात लावला.

मी कूस उघडली तेव्हा तू कासरा धरून भिंतीकडे तोंड केलं होतंस, म्हणून काय निघालं ते सांगते. कप्पा चिरला तसा भपकन आंबट वास आला. आत कडब्याची काडी नाही. पिवळा भरडा फुगून, आंबून बसला होता. खांद्यापर्यंत हात घालून मी तो काढला. दोन घमेली भरली. आतली कातडी जागोजाग लाल झाली होती, बोट लावलं की सोलत होती. त्या पोटात एकही जीव शिल्लक नसणार. ती टाकी पुरती मेली होती.

म्हणून मी गेणभाऊंना विचारलं, कडब्यावरचं निरोगी जनावर कोणाकडे आहे? त्यांचे पळणारे बैल नकोत, तेही खुराकावरच आहेत. तेव्हा किडं म्हणून हसणारे तेच गेणभाऊ आपला औताचा म्हातारा बैल घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ह्यो निस्ता कडब्यावर हाय. घ्या काय घ्यायचं त्ये." त्याच्या पोटातून नळीनं काढलेला रस मी भिंगऱ्याच्या पोटात ओतला. विरजण लावतात ना, तसंच आहे हे. लागलं तर लागलं.

आता स्पष्ट लिहिते. सकाळी तू खरं लिहिलं असतंस तर मी बाटली पाठवली नसती. ओतूरला दुसऱ्या डॉक्टरला धाडून मीच आले असते. पाच तास गेले. कडबा भरपूर असता तरी एवढा भरडा कोणत्याच बैलाला पचला नसता, आणि त्यानं भरडा खाल्लाय हे तू सकाळीच ओळखलं होतंस, ते काल तुझ्या तोंडावरच दिसत होतं. नेहमीचंच होतं, असं लिहिलंस. माणसांशी हवं ते खोटं बोल. जनावराचं दुखणं सांगताना बोलू नकोस, त्याला स्वतःला सांगता येत नाही.

मूठमूठ मऊ गवत घाल, कोमट पाणी थोडं थोडं दे. टाके बघायला मी परवा येते. परवा सकाळपर्यंत रवंथ सुरू झाला नाही तर विरजण लागलं नाही असं समज. आणि घाटाचं नाव आता कायमचं विसर. खुरांनाही या विषाचा मार बसतो. जगला तरी तो पळायचा नाही.

ताई


लोणी
२१ एप्रिल

ताईस,

आता बोलायला हरकत नाही, तरी लिहितोय. तू आज टाके बघून गेलीस तेव्हा बाबा जवळच बसले होते, त्यांच्यासमोर हे बोलता येईना.

तू रागावलीस ते बरोबर आहे. अठराला सकाळी पत्र लिहायला बसलो तेव्हा भरड्याचं पोतं अर्धं झालेलं दिसलं. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला पिवळं लागलेलं होतं.  साऱ्या पंचक्रोशीत कोणाचा बैल अडला की बोलावणं बाबांना येतं. त्यांच्या हातून जनावर दुखावलं हे मी माझ्या हातानं कसं लिहू? मला वाटलं, औषध येईल, बैल उठेल, विषय मिटेल. बैलाचा जीव एका बाजूला आणि बाबांचा मान दुसऱ्या बाजूला होता. मी चुकीची बाजू धरली.

काल यात्रा झाली. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी घाटात जाऊन सांगितलं, बैल येणार नाही. मागं कोणीतरी म्हणालं, बहिणीनं याही वर्षी सूज काढली वाटतं. बरेच जण हसले. गेल्या वर्षी मी यावरून मारामारी केली असती. काल मी सांगितलं, सूज नव्हती, माझी अक्कल नव्हती. गेणभाऊंनी बदली बैल घातला, त्यांचा गाडा तिसरा आला. संध्याकाळी गुलाल घेऊन घरी आले आणि भिंगऱ्याच्या कपाळाला लावून गेले.

आज सकाळी तू यायच्या आधी भिंगऱ्यानं रवंथ सुरू केला हे मी तुला दारातच सांगितलं. कसा, ते सांगायचं राहिलं. मी समोर बसलो होतो. गळ्यातून एक गोळा वर आला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण क्षणभर तो तसाच थांबला. मग जबडा हलला. ताई, इतकी वर्षं गोठ्यात काढली, पण हे मी कधी बसून बघितलं नव्हतं.

मी ओरडत बाबांना बोलवायला गेलो. ते आले, जबड्याला हात लावून बघितला आणि पुन्हा जाऊन ओसरीवर भिंतीला टेकले. मला वाटलं होतं आता जेवतील. जेवले नाहीत. अठरा तारखेपासून नुसता चहा चाललाय. बैलाच्या जवळ बसतात, पण त्याला काही घालत नाहीत. गवताची पेंढी त्यांच्या हातात दिली तर खाली ठेवली. म्हणाले, "माज्या हातानं नगं. ह्या हातानं इख घातलंय."

मी सांगून बघितलं की चूक माझी होती, कडबा मी तोडला होता, पीठ मी तुम्हाला न सांगता बंद केलं. ऐकत नाहीत. म्हणतात, तू मला सांभाळून घेतोस. माझ्या शब्दावर आता त्यांचा विश्वास नाही, आणि का नाही ते तुला माहीत आहे.

ताई, तू पोट उघडून बघितलंयस. तू डॉक्टर आहेस आणि तू कधी कोणाचं मन राखायला बोलत नाहीस, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. तू लिहिलंस तर ते मानतील. दोष माझ्यावर घाल, सगळा घाल. काय लिहायचं ते मी सांगत नाही. तुला सांगायचं तोंड मला नाही.

अमृत


वारूळवाडी
२२ एप्रिल

ती. बाबा,

वृषालीचा नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुमचं तुम्ही वाचा, अमृतला वाचायला देऊ नका.

भिंगऱ्याचं पोट मी माझ्या हातानं उघडलं, तेव्हा आत काय होतं ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. काल तुमच्यासमोर बोलले नाही, कारण अमृत तिथं होता आणि त्याला लागलं असतं. आता लिहिते.

भरडा होता. नाही कशी म्हणू? पण तुम्हाला वाटतो तेवढा नव्हता. घमेलंभरही निघाला नाही. तेवढा भरडा धट्टाकट्टा बैल सहज पचवतो, तुम्ही आयुष्यभर बैलांना घालत आलात आणि एकही दुखावला नाही. भिंगऱ्याला तो पचला नाही, कारण पोटात कडबा नव्हता. कडबा नव्हता म्हणून रवंथ नव्हता, रवंथ नव्हता म्हणून लाळ नव्हती. आत काडी असती तर त्यानं तुमचा भरडा दोन दिवसांत जिरवला असता आणि यात्रेत पळालाही असता. कडबा अमृतनं तोडला. मी पत्र लिहून नको म्हटलं, तरी तोडला. चूक त्याची आहे. तो सांगतो ते तुम्हाला सांभाळून घ्यायला नाही, ते खरंच आहे.

तुम्ही फोन केलात म्हणून मी आले. नाहीतर मी ओतूरलाच राहिले असते आणि रात्र व्हायच्या आत तो गेला असता. मी जनावराच्या बाबतीत कोणाचं मन राखायला लिहीत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत असता.

आता एक काम तुमच्याकडे आहे. नवीन पोट अजून हळवं आहे. त्याला घाईनं घालून चालत नाही, आणि अमृतच्या हाताला दम नाही. सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा कुट्टी केलेला कडबा घालायचा, आणि तो चावून गिळेपर्यंत समोर थांबायचं. हे तुम्हीच करा. आधी जेवून घ्या, मग गोठ्यात जा.

तुमची
वृषाली